रिटर्न शून्याचं

निवृत्त माणसाला सरकार वर्षातून दोनदा हटकतं. नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं, आणि जुलैत कशावर जिवंत आहोत ते सांगायचं. पहिलं सोपं. 2014 साली ‘जीवन प्रमाण’ आलं, तेव्हापासून अंगठा टेकवला की काम होतं. ज्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत ते चेहरा दाखवतात. दुसरं मात्र अवघड. मिळकत सांगायची सवयच आमच्या पिढीला नाही. आमच्या रायपुरात चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात जमणारी मंडळी गुडघ्याच्या ऑपरेशनपासून व्याह्यांच्या स्वभावापर्यंत सगळं मोकळेपणानं बोलतील. फंडाचे किती आले एवढं विचारून बघा, विषय तडक पावसावर जातो.

आमचे हे जलसंसाधन खात्यातून बासष्टाव्या वर्षी पेन्शनीत निघाले. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, जीपीएफ आणि पेन्शनीचा एक हिस्सा विकून आलेली रक्कम असं सगळं त्याच वर्षी हाती आलं. सरकारी नोकराला या चारहींवर कर लागत नाही, हे ह्यांना पाठ. त्यामुळे सीएनं रिटर्नसाठी ते आकडे मागितल्यावर हे चमकलेच.

“कर नाही ना? मग लिहायचं कशाला?”

सीए म्हणजे शेजारचाच मुलगा. तो शांतपणे म्हणाला, “अंकलजी, टैक्स-फ्री है, अदृश्य थोड़े ही है.”

करमुक्त रकमांसाठीही फॉर्ममध्ये जागा असते, निव्वळ माहितीसाठी. सरकारनंच दिले आणि सरकारलाच सांगायचे, हा ह्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पण देणारं सरकार राज्याचं, विचारणारं केंद्राचं. खात्यात अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसली तर ती कुठून आली असं ते विचारणारच, आणि ‘तुमच्याच भावाकडून’ हे उत्तर फॉर्ममध्ये बसत नाही.

पेन्शनीची गंमत निराळीच. कायद्याच्या लेखी ती पगारच. नोकरी संपली, सत्काराची शाल कपाटात गेली, तरी रिटर्नमध्ये माणूस पगारदारच राहतो. त्यामुळे नव्या करपद्धतीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावटही मिळते. 2018 मध्ये ही वजावट पुन्हा सुरू झाली ती प्रवासभत्ता आणि औषधपाण्याच्या सवलतीच्या बदल्यात. औषधपाण्याचं समजू शकते. प्रवास म्हणाल तर ह्यांचा सध्या पलंगापासून ओसरीपर्यंतच असतो, तोही चहा झाल्यावर.

सासूबाईंचं मात्र वेगळं. मामंजींची पेन्शन होती तोवर ती पगार होती. ते गेले, तीच पेन्शन कमी होऊन सासूबाईंकडे आली, आणि आता ती ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’. लॉटरी आणि घोड्यांच्या शर्यतीतलं बक्षीसही याच शीर्षकाखाली मोडतं. सासूबाईंनी आयुष्यात घोडा पाहिला तो फक्त लग्नाच्या वरातीत. वजावटही तुटपुंजी: कुटुंब पेन्शनीचा एक तृतीयांश किंवा 25,000, यातलं जे कमी असेल ते. मामंजींच्या अठ्ठावीस बदल्यांत सामान बांधलं कुणी आणि सोडलं कुणी, याचा रकाना कायद्यानं केलेला नाही. मी हे बोलून दाखवलं तर सीए म्हणाला, “आंटी, सॉफ्टवेयर में ऑप्शन नहीं है.”

माझ्यावरही पाळी आलीच. ग्रॅच्युइटीतला काही भाग ह्यांनी माझ्या नावानं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवला. व्याज 8.2 टक्के, दर तिमाहीला माझ्या खात्यात. मी मनाशी बेतही आखले होते. तर नवऱ्यानं बायकोला दिलेल्या पैशांवरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचं, असा नियम निघाला. म्हणजे पैसे माझे, व्याज माझं, उत्पन्न ह्यांचं! हे खूश झाले. पण पुढच्याच मिनिटाला सीएनं माझं वार्षिक माहितीपत्रक, ज्याला सगळे एआयएस म्हणतात, ते पडद्यावर उघडलं. 2021 पासून बँका, पोस्ट, म्युच्युअल फंड सगळ्यांची कळवणी त्यात एकत्र दिसते. शाळेतल्या नोकरीच्या पगारातून मी शारदा चौकाजवळच्या बँकेत गपचूप ठेवलेली एफडी तिथे व्याजासकट झळकत होती. हे चष्मा पुसून पुन्हा वाचायला लागले. तीस वर्षं जे माझ्या सासूबाईंना, नणंदांना आणि ह्यांना कळलं नाही, ते प्राप्तिकर खात्यानं एका ओळीत सांगून टाकलं.

आमच्या राज्यातल्या पेन्शनरांचं आणखी एक दुखणं आहे. मध्य प्रदेशातून 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं, पण पेन्शनीचा हिशेब मोकळा झाला नाही. पुनर्गठन कायद्याच्या कलम 49 चा आधार घेऊन महागाईपोटी मिळणाऱ्या वाढीसाठी दोन्ही राज्यांची संमती लागते असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, आणि फाइल भोपाळ-रायपूर फिरत राहिली. अशी रखडलेल्या वाढीची थकबाकी कधी एकदम हाती आली तर त्या एकाच वर्षाचं उत्पन्न फुगतं. त्यावर सवलत आहे, पण रिटर्नच्या आधी फॉर्म 10ई भरायचा. तो विसरलात तर सवलत नाही.

एवढं करून कर किती? शून्य. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर उरत नाही. पण रिटर्न भरायची मर्यादा 4 लाख. मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी शून्याचं सविस्तर विवरण द्यायचं.

दिलं. आता 30 दिवसांत पडताळणी, नाहीतर सगळं पाण्यात. आधारला जोडलेला नंबर पुण्याच्या मुलाचा, ओटीपी गेला त्याच्याकडे. ह्यांनी फोन लावला. मुलगा म्हणाला, “ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, तुम्हीच तर बजावलं होतंत. तुम्ही बाबाच कशावरून? हल्ली आवाजही नकली काढतात.”

“अरे, विचार काय विचारायचं ते!”

“सांगा, फंडाचे नक्की किती आले?”

“तुला काय करायचंय रे ते?”

“हं, बाबाच आहेत. घ्या लिहून.”