आजी, हळू बोला जी!

मराठी कुटुंबाची सहल म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी. बोलणं, खाणं, आणि "जरा गाडी थांबवा हो" म्हणून दर अर्ध्या तासाने खाली उतरणं. ताडोबाच्या जंगलात नेमकी या तिन्हींना बंदी आहे. मोठ्याने बोलायचं नाही, खायचं नाही, जिप्सीतून पाय खाली टाकायचा नाही. हे सगळं ऐकून घेतल्यावर आमच्या आईने शांतपणे विचारलं, "मग आत जाऊन करायचं काय?"

चौथी बंदी मोबाइलची. तो गेटवरच जमा करायचा. खाण्यावरची बंदी आईला लागली आणि मोबाइलवरची मला. कारण मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा बाप हा हल्ली मुख्यतः त्या यंत्राच्या जोरावर बाप असतो.

मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात निघालोय म्हटल्यावर शेजाऱ्यांनी आमच्याकडे काळजीने पाहिलं होतं. तिथे पारा ४५च्या वर जातो. पण जाणकार सांगतात की उन्हाळ्यात पाणवठे आटतात, झाडोरा विरळ होतो आणि वाघाला उरलेल्या पाण्यावर यावंच लागतं. शाळांनाही सुट्टी तेव्हाच. वाघाचं आणि तिसरीतल्या मुलाचं वेळापत्रक जुळतं ते असं भर उन्हात. म्हणून पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर, तिथून जांब, वरोरा, भद्रावती करत ताडोबाच्या वेशीवरचं मोहर्ली गाव. वरोऱ्याला आनंदवनाची पाटी दिसली, तेव्हा थोरलीने बाबा आमट्यांवरचा धडा अर्धा म्हणून दाखवला. उरलेला अर्धा तिच्या आईने म्हटला. धाकटा झोपला होता.

एरवी शाळेसाठी सात वाजता उचलून बसवावी लागणारी मुलं सफारीच्या दिवशी साडेतीनलाच उठून बूट घालून बसली होती. मामाने, म्हणजे माझ्या मेव्हण्याने, टोपीपासून मोज्यांपर्यंत सगळं हिरव्या-मातकट ठिपक्यांचं घेतलं होतं. वाघाला तो दिसू नये हा हेतू. पहाटेच्या अंधारात तो आम्हालाच दिसेना. जिप्सी सुटायची वेळ झाली तरी आई "अरे, मामा कुठे गेला?" म्हणून हाका मारत होती आणि तो तिच्या शेजारीच उभा होता.

जिप्सीत सहा पर्यटक बसतात. आम्ही बरोब्बर सहा. पुढे चालक आणि त्याच्या शेजारी गाइड. आमची गाइड मोहर्लीचीच एक ताई होती. इथे गावातल्या बायकाही आता हे काम करतात. आवाज मऊ, नजर सगळीकडे. पहिल्याच वळणावर आईने "अगंबाई, मोर!" असा पुकारा केला. मोर उडाला.

"आजी, हळू बोला जी," ताई म्हणाली. "जंगलात आवाज लांब जाते."

हे वाक्य आम्ही त्या सकाळी पुष्कळदा ऐकलं.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६चं. दोन्ही मिळून पुढे व्याघ्र प्रकल्प झाला. मोहर्लीकडून आत शिरलं की रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर उंच दगडी खांब दिसतात. ते गोंड राजांच्या काळातले. त्यांच्या भोकांतून दोर ओवलेला असे आणि दोराला घंटा. राजाची स्वारी निघाली की दोर ओढून पुढे वर्दी द्यायची, असं सांगतात. थोरलीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग राजाचा दोर गेटवर काढून घ्यायचे का?"

धाकट्याची शंका वेगळी होती. मंगळवारी उद्यान बंद असतं हे त्याने बुकिंगच्या वेळी ऐकलं होतं. "मंगळवारी वाघ काय करतात?" माझा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा. ताईने मात्र प्रश्न पूर्ण गांभीर्याने घेतला. "माहीत नाही जी. मंगळवारी आम्हीबी सुट्टीवर राहतो."

जंगलातल्या ताडोबा तळ्याकाठी तारूचं ठाणं आहे. ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच पडलं. तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना त्याला मरण आलं आणि आदिवासींनी त्याला देव मानलं, अशी कथा आहे. पौषात त्याची जत्रा भरते. आईने त्या दिशेला बसल्या जागेवरूनच हात जोडले आणि म्हणाली, "बघा, वाघ समोर आला म्हणून तो देव झाला. आणि आपण पैसे भरून वाघ समोर यायची वाट बघतोय."

मग ताईने वाघांची नातीगोती काढली आणि आईला एकदम जंगलात गोडी वाटू लागली. माया ही जंगलातल्या पांढरपौनी भागाची राणी. २०२३ पासून ती दिसलेली नाही, पण लोक अजून तिचं नाव घरच्या माणसाचं काढावं तसं काढतात. मटकासुर हा तिचा जोडीदार. छोटा मटका हा मटकासुराचा मुलगा.

"म्हणजे मायाचा?" आईने हिशेब मांडला.

"नाही जी, छोटी ताराचा."

आई क्षणभर गप्प राहिली. मग माझ्या बायकोच्या कानाशी वाकून, पण सगळ्या जिप्सीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हणजे दोन घरं होती."

"आजी, हळू बोला जी."

एका झाडाशी ताईने गाडी थांबवली. वाघ आपली हद्द सांगायला झाडावर फवारा मारतो. तो ताजा असला तर वास येतो. "घ्या जी वास. बासमती भातासारखा येते." आम्ही सहाही जण नाकं वर करून बसलो. वास खरोखरच भाताचा होता. सुगंधी तांदळाला ज्या द्रव्याचा वास असतो, तेच वाघाच्या फवाऱ्यातही असतं. आईने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि निकाल दिला, "बासमती नाही, आंबेमोहोर."

यावर धाकटा म्हणाला, "मला वरणभात पाहिजे." खाणं म्हणजे थालीपीठं, चिवडा, छुंद्याची बरणी, सगळं मुक्कामी राहिलेलं. पुढचा बराच वेळ वाघाच्या हद्दीत वरणभाताचीच चर्चा चालली, आणि तीही कुजबुजत.

तेवढ्यात वानर खाकरलं. झाडावर उंच बसलेलं ते एकाच दिशेला बघत होतं. खालच्या चितळांनी चरणं थांबवून माना ताठ केल्या आणि त्यांच्यातलं एक शीळ घालावी तसं ओरडलं. वानर वरून पाला-फळं पाडतं, ती चितळं खातात. वानराला वरून लांबचं दिसतं, चितळाला खालून वास येतो. दोघं मिळून वाघाची बातमी आख्ख्या जंगलाला पुरवतात. "कॉल आला," ताई म्हणाली आणि चालकाने जिप्सी अशी सोडली की मामाची ठिपक्यांची टोपी मागेच राहिली. ती उचलायला उतरायचं नाही हा नियम त्याला तेव्हा पटला नाही.

पाणवठ्याशी आधीच काही जिप्स्या उभ्या होत्या. बांबूतून वाघीण आली. कोणाकडेही न बघता पाण्याच्या कडेला पोचली, तिथे वळली आणि आमच्याकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी पाण्यात शिरली. आधी मागचे पाय, मग पोट, मग छाती. शेवटी फक्त डोकं आणि शेपटीचं टोक पाण्याबाहेर राहिलं. "डोळ्यात पाणी गेलेलं आवडत नाही तिले," ताई पुटपुटली. मामाची लेन्स इतक्या लांब पल्ल्याची होती की एवढ्या जवळच्या वाघिणीचा त्यात एक कान तेवढा मावला. "हिला आंघोळीला कोणी ओरडत नाही," धाकटा हेव्याने म्हणाला.

वाघिणीने मान वळवून मागे पाहिलं, तेव्हा तिच्या दोन्ही कानांमागचे पांढरे ठिपके स्पष्ट दिसले. प्रत्येक वाघाला ते असतात. आईने ते पाहिले. त्या सकाळी पहिल्यांदाच ती इतक्या हळू आवाजात बोलली की ताईला मागे वळून ऐकावं लागलं. "कानामागे नीट धुतलं नाही हो हिने. डाग राहिलेत."

ताई पदर असता तर तोंडात घालून हसली असती. खाकी गणवेशाला ती सोय नव्हती.

आता घरी येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "वाघ दिसला का?" हो म्हटलं की त्याचं समाधान होतं आणि खांब, तारू, मटकासुराचा संसार, आंबेमोहोर यांतलं काही त्याला ऐकायचं नसतं. म्हणून इथे लिहिलं. वाघ दिसेलच अशी हमी कोणी देत नाही, आणि जो देतो त्याच्याकडे पैसे भरू नयेत. मुलांना जरूर न्या. आजींना तर न्याच. पण त्यांना गाइडच्या जवळची जागा द्या, दोघींचाही वेळ बरा जातो. पहाटे पोटभर पोहे खाऊन आणि बाकीचं सगळं उरकून निघा. पावसाळ्यात जंगलाचा कोअर म्हणजे आतला भाग बंद असतो, आणि मंगळवारी सुट्टी.