अंगठ्याला कष्ट नकोत

आमच्या वहिनींनी गेल्या वर्षी मेतकुटाचा घरगुती उद्योग काढला आणि जाहिरातीचं खातं माझ्याकडे आलं. पात्रता एकच, मी चार ओळी लिहितो. पहिली जाहिरात मी सहा पानांच्या पीडीएफमध्ये केली. मेतकुटाची परंपरा, डाळींचे गुणधर्म, शिवाय मनोगत. ती एकट्या आमच्या साडूंनी उघडली, तीही चुकून. त्यानंतर जे ज्ञान झालं, ते इच्छुकांच्या सोयीसाठी इथे देत आहे.

संदेश पुढे धाडणारा माणूस आपला पगारी नोकर नाही, हे आधी मनाशी घट्ट धरावं. तो सकाळी सात वाजता डाव्या हातात चहाचा कप घेऊन उजव्या अंगठ्याने व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रूप चाळतो आहे. त्या अंगठ्याला काम जितकं कमी, तितका संदेश लांब जातो. ‘आपल्या सर्व परिचितांना अवश्य पाठवावे’ असं लिहिलंत, की तो परिचितांचा विचार करू लागतो. विचार सुरू झाला की धंदा बसला.

आदर्श हवा तर हॉटमेलचा घ्यावा. काही काळ पुण्यातल्या शाळेत शिकलेल्या सबीर भाटियांनी जॅक स्मिथ यांच्याबरोबर ४ जुलै १९९६ रोजी ही सेवा सुरू केली. तिथून निघालेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, तुम्हीही फुकट ईमेल घ्या, अशा अर्थाची ओळ आपोआप चिकटे. पाठवणाऱ्याने काही करायचंच नाही; मामाला खुशाली कळवली की जाहिरात झाली. गुंतवणूकदार टिम ड्रेपर यांना त्या ओळीआधी ताजा कलम म्हणून ‘आय लव्ह यू’सुद्धा हवं होतं. ते गाळलं हे बरं झालं. घरमालकाने थकल्या भाड्याबद्दल धाडलेल्या नोटिशीखाली ते कसं दिसलं असतं? १९९७ सरता सरता मायक्रोसॉफ्टने सुमारे ४० कोटी डॉलर मोजून हॉटमेल विकत घेतलं.

व्हॉट्सअ‍ॅप आपल्या मालकीचं नसल्यामुळे आपल्याला अशी ओळ चिकटवता येत नाही. तेव्हा हातचलाखी करावी लागते. फोन नंबर चित्रात कधीही घालू नये. चित्रातल्या नंबरावर बोट ठेवून सहसा फोन लागत नाही. काकूंना चष्मा, कागद आणि लिहितं पेन शोधावं लागतं, आणि ही तीन सापडेपर्यंत मेतकुटाची इच्छा मरते. चित्राखालचा मजकूरही बेभरवशाचा. कित्येक वर्षं फोटो पुढे गेला की खालच्या ओळी मागेच राहत. आता त्या जातात, पण पाठवताना शेजारी एक फुली दिसते, आणि फुली दिसली की ती दाबून बघणारे आपल्याकडे कमी नाहीत. सारांश, साधा मजकूर, आठ ओळींच्या आत, आणि नाव-नंबर वरच. लांबलचक मजकूर व्हॉट्सअ‍ॅप मध्येच दुमडून ठेवतं. ती घडी फक्त निवृत्त मुख्याध्यापक उघडतात, शुद्धलेखन तपासायला.

धाक घालावा का? पूर्वी संतोषीमातेच्या नावाने पोस्टकार्डं येत. इतक्या जणांना असंच पत्र लिहा, नाहीतर सत्यानाश. लोक हात मोडेस्तोवर लिहीत. पण मेतकुटाला एवढी दहशत पेलत नाही. त्यापेक्षा पाठवणाऱ्याला मोठेपणा द्यावा. ‘आमचं मेतकूट घ्या’ हे कोणी पुढे धाडत नाही. ‘तापातून उठलेल्याला मऊ भात, तूप, मेतकूट द्यावं’ हे धाडतात, कारण त्यात धाडणाऱ्याची माया दिसते. जावेला, नणंदेला, दुबईच्या भाच्याला. माया फुकटात दाखवता येत असेल तर मराठी माणूस कंजुषी करत नाही.

हे सगळे नियम अफवेलाही तंतोतंत लागू पडतात, आणि तिथे थट्टा संपते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी संदेश पुढे धाडण्यावर बंदी जाहीर केली. एप्रिल २०२० पासून, फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. अशा संदेशावर दोन बाणांची खूण येते. आमच्या मेतकुटवाल्यांत ती खूण म्हणजे वीरचक्र.

ते आम्हाला मिळालं. गेल्या आठवड्यात सासवडच्या मावशीकडून आमचाच संदेश मला आला, वर दोन बाण. मधल्या वाटेत कोणीतरी तो उतरवून घेऊन स्वच्छ केला होता. वहिनींचं नाव नव्हतं, नंबर नव्हता, आणि आमच्या मेतकुटाच्या जागी ‘कोणतंही चांगलं मेतकूट’ असं होतं. खाली मावशीने लिहिलं होतं, ‘फार उपयोगी आहे. तुझ्या वहिनीलाही पाठव.’

मी पाठवला. अंगठ्याला काहीच कष्ट पडले नाहीत.