आडवारी गुलाबी

आमच्या उंद्री गावात पुरुषमाणसानं रंगीत कपडे घालायला कोणाचीच ना नाही. फक्त कारण सांगता आलं पाहिजे. लग्न असेल तर आंब्याच्या रंगाचा कुर्ता घालून दिवसभर मिरवा. विसर्जनाच्या मिरवणुकीत डोक्यापासून चपलेपर्यंत गुलाल चालतो. हळदीला पिवळं, जयंतीला फेटा, होळीला तर काय, विचारूच नका. पण सण नाही, सोयरीक नाही, कोणाचा सत्कार नाही, आणि अशा एखाद्या आडवारी माणूस गुलाबी शर्ट घालून चिखली-खामगाव रस्त्यावर चहा प्यायला आला, की कप हातात येण्याआधी प्रश्न येतो, “काय गुरुजी, आज कुठी लगनाले?” नाही म्हटलं की, “मंग पोरगी पाहाले?” तेही नाही म्हटलं की प्रश्न थांबतात आणि काळजी सुरू होते. रिटायर माणूस आहे, घरी सगळं बरं आहे ना, शुगर-बिगर तर वाढली नाही ना.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. तिथं रंगांचा संबंध खडूपुरता, आणि रंगीत खडूही आकृती काढण्यापुरता. कपाटात शर्ट बिस्किटी, मोतिया, राखाडी आणि फिकट आकाशी. लाइट गेलेली असताना कोणताही ओढला तरी पँटला जुळायचा. यामागं धोरण वगैरे काही नव्हतं. कापडाच्या दुकानात सौभाग्यवतींच्या साडीला दीड तास जायचा. डाळिंबी, चिंतामणी, रामा, गुलबक्षी, आमसुली अशा साड्या गादीवर एकीवर एक उलगडत राहायच्या. मग उठता उठता मालक माझ्याकडे बघून पोऱ्याला सांगायचा, “सरांचं ते नेहमीचं काढ रे.” नेहमीचं म्हणजे मळ न दाखवणारं. सरांनाही न दाखवणारं, हे नंतर लक्षात आलं.

मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागानं शिक्षकांच्या पेहरावाबद्दल आदेश काढला. जीन्स आणि टी-शर्ट नको, गडद रंग नको, चित्रविचित्र नक्षी नको, पुरुषांचा शर्ट खोचलेला असावा. स्टाफरूममध्ये बरीच खळबळ उडाली. तरुण शिक्षक तावातावानं बोलत होते. माझ्या कपाटाला मात्र त्या आदेशानं धक्काही लागला नाही. सरकारला जे सुचायला २०२४ साल उजाडलं, ते मी न सांगता आयुष्यभर पाळलं होतं. याचा अभिमान वाटायला हवा होता. वाटली ती चीड.

निवृत्तीनंतर पुण्याहून लेकीनं शर्ट पाठवला. गुलाबी. फिकट म्हणून निभावून नेता येईल असा नव्हे. राणी कलरच्या एकच पायरी अलीकडचा. फोनवर म्हणाली, “बाबा, घडी करून ठेवायला नाही पाठवला.” तो बरेच दिवस घडीतच राहिला.

आता, गुलाबी म्हणजे प्रेम, गुलाबी म्हणजे थंडी, हे पुण्या-मुंबईकडं. आमच्या कापसाच्या पट्ट्यात गुलाबी म्हणजे बोंडअळी. २०१७ च्या हंगामात या अळीनं विदर्भातला कापूस असा पोखरला, की बाहेरून बोंड ठणठणीत आणि फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी. तेव्हापासून शेतात कामगंध सापळे लागले. फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी आणखी पिकासाठी राखू नका, उपटून टाका, नाहीतर अळी पुढच्या वर्षापर्यंत मुक्काम करते, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. अशा गावात मी पहिल्यांदा तो शर्ट घालून बांधावर गेलो. शेजारच्या शेतातून आवाज आला, “गुरुजी, सापळा लावा लागते बरं आता!” दुसऱ्यानं लगेच जोडलं, “नोकरी संपल्यावरची फरदड हाय राजेहो, गुलाबी तं येईनच!” विनोद चांगला होता. शास्त्रीयदृष्ट्याही बिनचूक होता. त्यामुळं उत्तर सुचेना.

उत्तर त्याच शेतात उभं होतं, फक्त कपाशी फुलावर येईपर्यंत थांबावं लागलं. आमच्याकडं जी कपाशी लावतात तिचं फूल पहिल्या दिवशी उमलतं ते पांढुरकं, साईच्या रंगाचं. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं आणि मग गळून जातं. साऱ्या गावाला धोतर, टोपी आणि उशीचा अभ्रा पुरवणारं हे झाड, पण त्याचं प्रत्येक फूल एक दिवस गुलाबी होऊन घेतं. मी त्या दोघांना बांधावर बोलावून हे दाखवलं. लहानपणापासून पाहत आलेले लोक; त्यांना नवीन काय सांगणार? एक म्हणाला, “मंग फूल दुसऱ्या दिवशी गळते, तेबी सांगा ना गुरुजी.”

पिवळ्याची शिफारस मात्र मी शेतात कोणालाही करणार नाही. पांढरी माशी, मावा, तुडतुडे पिवळ्या रंगाकडं धाव घेतात म्हणून तर पिवळे चिकट सापळे लावतात, फुलकिड्यांसाठी निळे. पिवळा शर्ट घालून पिकात उभं राहा, फवारणी कधी करायची ते शर्टच सांगेल.

किडींचं एक बरं असतं. त्यांना रंग दिसला की त्या येतात, मागचापुढचा विचार करत नाहीत. माणसाला रंगाआधी झेंडा दिसतो. आपल्याकडं भगव्याला एक अर्थ आहे, निळ्याला एक, हिरव्याला एक, भंडाऱ्याच्या पिवळ्याला एक. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जन्मोत्सवासाठी जाताना भगवा फेटा बांधला, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळं उपरणं घेतलं, तर सगळं जागच्या जागी असतं. तेच रंग तारीख चुकवून अंगावर आले की लोक अंदाज बांधू लागतात. निवडणूक जवळ असेल तर शर्ट काढण्याआधी आचारसंहिता आठवते. म्हणून तर गावातले सगळे शहाणे पुरुष राखाडीत असतात. राखाडी हा रंगांमधला अपक्ष. निवडून येत नाही, पण त्याच्याशी कोणाचं भांडणही नसतं.

गुलाबी इतकी वर्षं या भानगडीतून सुटला होता. २०२४ साली तोही सापडला. त्या वर्षी संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ हे गाणं आलं आणि आमच्याकडच्या वरातींत त्यावाचून डीजे हलेना. त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर अजित पवारांनी गुलाबी जॅकेट घालायला सुरुवात केली आणि त्यांच्या पक्षाच्या बॅनरांनीही तोच रंग घेतला. पुढं मी गुलाबीत चौकात दिसलो की दोनच शंका निघायच्या: गुरुजी नाचायला चालले की प्रचाराला? राजकारणाशी मला देणंघेणं नाही. पण साठी ओलांडलेल्या, करड्या आवाजाच्या मराठी पुढाऱ्यानं भर सभेत गुलाबी अंगावर घातला, याचा उपयोग माझ्यासारख्या कितीतरी भित्र्या माणसांना झाला असणार. कोणी काही म्हटलं, तर पुढं करायला एक मोठं नाव मिळालं.

बायकांचं बरं असतं, त्यांना सगळे रंग मोकळे, असं मी एकदा घरात म्हणालो. वहिनी समोर बसल्या होत्या. भाऊ गेल्यापासून त्यांच्या अंगावर बदामी, मातकट आणि राखाडी. म्हणजे माझंच कपाट! फरक इतकाच, की मला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यासाठी ते भावकीनं, शेजारानं, न बोलता ठरवलं होतं. हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं, त्याच सुमारास दुकानदारानंही त्यांना गडद साड्या दाखवायच्या बंद केल्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. बातमी कुंकवाची आणि बांगड्यांची होती. वहिनींनी ती आपल्यापुरती साडीपर्यंत वाढवली. पुढं एका दिवाळीला नातसुनेनं मोरपंखी घेतली, ती नेसून देवळात गेल्या. पायरीवर एका म्हातारीनं हटकलंच. वहिनी म्हणाल्या, “मानूस गेला, रंग का त्यानं संगं नेले?” आणि आत जाऊन घंटा नेहमीपेक्षा जोरात वाजवली. माझ्या शर्टाची चिंता त्या दिवसानंतर मला जरा हलकीच वाटू लागली. चहावाल्याच्या दोन प्रश्नांना मी धैर्य-धैर्य म्हणत होतो.

खरं तर पुरुष पहिल्यापासून असा फिका नव्हता. फ्लुगेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९३० साली कपड्यांवर पुस्तक लिहिलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या पुरुषांनी नटणं सोडून दिलं आणि सारा रंग बायकांच्या हवाली केला, असं तो त्यात सांगतो. आपण हे जरा उशिरा केलं. लोकमान्यांची पगडी लाल होती, जोतीरावांच्या चित्रातही पगडी लालच दिसते, आणि दोघांनाही कोणी लग्नाला चाललात का असं विचारल्याची नोंद नाही. पुढं खादीची पांढरी टोपी आली. ती आली तेव्हा तिला फार मोठं कारण होतं. कारण संपलं, पांढरा राहिला, आणि आता तो इस्त्रीच्या दुकानात पुढाऱ्यांच्या लिननवर कडक होत असतो.

पांढऱ्याची बाजू घेणारे शेवटी उन्हावर येतात. आमच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा वरवर हे पटतंही. पण १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात वाळवंटातल्या बदाऊनी लोकांच्या झग्यांवर एक अभ्यास आला होता. काळा झगा ऊन जास्त शोषतो हे खरंच. पण तो ढगळ असल्यामुळं ती जास्तीची उष्णता अंगापर्यंत पोचायच्या आत निघून जाते, आणि आतल्या माणसाला काळा काय, पांढरा काय, ऊन सारखंच लागतं. म्हणजे रंगापेक्षा माप महत्त्वाचं. हे मी घरात वाचून दाखवलं तेव्हा सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, “अहो, मग पोटावर ताणलेला तो बिस्किटी आधी काढा.”

नवरात्रात मात्र मला कोणाच्याच परवानगीची गरज पडत नाही. या शतकाच्या सुरुवातीला ‘महाराष्ट्र टाइम्स’नं नऊ दिवसांच्या नऊ रंगांचं वेड लावलं. ते मुंबईच्या लोकलमधून निघालं आणि आमच्या बँकेच्या काउंटरपर्यंत येऊन पोचलं. यातले बहुतेक रंग वारांवरून ठरतात: सोमवार पांढरा, मंगळवार लाल, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा. शनिवारचा राखाडी. देवीच्या उत्सवातही एक दिवस माझ्यासाठी राखून ठेवलेला पाहून पूर्वी मला फार आधार वाटायचा. त्या दिवशी मी न ठरवताच सगळ्यांना जुळून जायचो.

पण नवरात्र हेही कारणच झालं. आमच्या जिल्ह्यात विनाकारण गुलाबी होण्याची हिंमत दाखवली ती लोणारच्या सरोवरानं. जून २०२०, टाळेबंदीचे दिवस. उल्केच्या आघातानं झालेलं, हजारो वर्षं हिरवट पाण्याचं ते सरोवर एकाएकी गुलाबी झालं. झालं, नमुने बाटल्यांत भरून रवाना! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलं आणि सांगितलं, की पाणी कमी होऊन खारटपणा वाढल्यानं मीठ मानवणारे सूक्ष्मजीव फोफावले, हा रंग त्यांचा. तेवढं ऐकल्यावर जग निश्चिंत झालं. जिथं सरोवरालाही कारण द्यावं लागतं तिथं रिटायर मास्तराची काय कथा.

तरी मी घालतोच. सुरुवात हिवाळ्यात स्वेटरच्या आत केली, नुसती कॉलर बाहेर. कॉलरला कोणी काही म्हणालं नाही, तेव्हा बाह्या आल्या. मग फाल्गुनात स्वेटर आपोआप निघालं आणि आख्खा शर्ट चौकात उभा राहिला. पहिले काही दिवस मी प्रत्येकाला खुलासा देत होतो: लेकीनं पाठवला, ऑनलाइनचा आहे, प्रत्यक्षात इतका गडद नव्हता. जितके खुलासे दिले तितके प्रश्न वाढले. एका सकाळी कंटाळून नुसतं “असाच” म्हणालो. विचारणाऱ्यानं “बरं” म्हटलं आणि सोयाबीनच्या भावाकडं वळला. तेव्हापासून तेच उत्तर ठेवलंय. गावाला आता माझा शर्ट पाठ झाला आहे, उलट राखाडी घातला तर विचारतात, “गुरुजी, बरं नाही का?” परवा दुकानात गेलो तर मालकानं पोऱ्याला नेहमीचं काढायला सांगितलं, आणि पोऱ्या गोंधळून माझ्याचकडं बघत राहिला. मी चिंतामणी रंग मागितला.

तुमच्याही कपाटात असा एखादा घडीत पडलेला असेल तर काढा, येत्या बुधवारी घाला, आणि कारण शोधत बसू नका. फक्त पहिली काही धुणी तो वेगळ्या बादलीत, थंड पाण्यात धुवा. गुलाबी रंग जातो, आणि तो घरातल्या पांढऱ्या धोतरांना लागतो.