सर्किटचं घड्याळ

डिंभे धरणाच्या आसपास कुठल्याही वाडीत जा, एक तरी 'सर्किट' सापडतोच. नाव गावानं ठेवलेलं, पण तो ते पदवीसारखं मिरवतो. आयटीआय झालेला, खिशात टेस्टर. गावातले मिक्सर, रिमोट, मोटारीचे स्टार्टर त्याच्याकडं दुरुस्तीला येतात आणि पोट उघडं टाकून महिनोन्‌महिने मुक्काम करतात. विज्ञान दिनाला खोडदला जाऊन रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना बघून आल्यापासून तो घरावरच्या डिशकडं तुच्छतेनंच बघतो.

अशा माणसाला साधं घड्याळ कसं चालावं? सेल घातला की ते चालू लागतं, शेंबड्या पोरालाही वाचता येतं. म्हणजे त्यात कर्तबगारी ती काय! म्हणून त्यानं बायनरी घड्याळ करायला घेतलं. प्लायवूडच्या फळीवर सहा उभ्या रांगा, एकूण २० एलईडी. तास, मिनिटं, सेकंद यांच्या प्रत्येक अंकाला एक रांग. खालून वर दिव्यांची किंमत १, २, ४, ८. पेटलेल्यांची बेरीज केली की अंक मिळतो.

आर्डुइनो उनो बोर्डावर पिना २०, दिवेही २०. सर्किट खूश. पण नुसत्या बोर्डाच्या भरवशावर घड्याळ रोज मिनिटा-मिनिटानं भरकटायला लागलं. मग वर्षाला जेमतेम मिनिटभर चुकणारी डीएस ३२३१ चिप आणली, तर तिनं दोन पिना बळकावल्या. पिना पुरेनात, सगळे दिवे ७४एचसी५९५ वर घ्यायचे तर तीन चिपा हव्या, म्हणून पुन्हा पुण्याला तापकीर गल्ली. चिपांपेक्षा एसटीचं तिकीट महाग पडलं.

फळी ओट्यावर लागली तेव्हा शेजारी म्हणाले, "गणपतीला अवकाश आहे की रं अजून!"

सर्किटला त्याचं काही वाटलं नाही. कारण येणाराजाणारा विचारू लागला, "किती वाजले?" मग तो फळीसमोर उभा राहायचा, ओठ हलवत बेरीज करायचा. तेवढ्यात मिनिट बदलायचं, की पुन्हा पहिल्यापासून. लाइट गेली की फळी काळी ठिक्कर. "वेळ आत चालूच आहे," तो सांगायचा. ते खरंही होतं, चिपेखाली गोल सेल बसवलेला. माझं स्पष्ट मत आहे की वेळ दाखवणं हा त्या घड्याळाचा जोडधंदा होता. लोकांनी सर्किटला काहीतरी विचारावं, हा मुख्य.

तो धंदा त्याच्या आजीनं बुडवला. लहानपणी ती बापाच्या दुकानात तराजूपाशी बसलेली. १९५६ च्या कायद्यानं किलो आणला, पण तिच्या हिशेबातून शेर काही गेला नाही. नातवाकडून दिव्यांच्या किमती ऐकून ती म्हणाली, "म्हंजी छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर." मग तासाच्या रांगेकडं बघून, "पावशेर, अदपाव, छटाक. सात वाजले. उठ, दूध काढायचंय."

दोन दिवसांत अख्खी आळी वेळ आजीला विचारू लागली.

सर्किट खचलेला नाही. आता तो अंकांच्या रांगा मोडून शुद्ध बायनरी घड्याळ करतोय. तासाला पाच दिवे, मिनिटांना सहा, किमती थेट १६ आणि ३२ पर्यंत. आजीला हे जन्मात जमणार नाही, अशी त्याची खात्री आहे. १६ छटाकांचा शेर होतो आणि ३२ चे दोन, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.