सायलेन्सरचा ज्वर

वाकाटकांचे वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. तेथील ज्या चिरंजीवांनी वडिलोपार्जित टू-स्ट्रोक चेतकचे पोर्ट कोरून घेतले आहेत, त्यांनी सायलेन्सरच्या नळीत, सिलिंडरपासून चार बोटांवर, थर्मोकपल बसवून हँडलवर तापमापकाची तबकडी जडवावी, हे शास्त्रदृष्ट्या सर्वस्वी रास्त आहे, कारण मिश्रणात पेट्रोल कमी पडले की धुराची उष्णता चढते आणि पिस्टन जाम होतो. मात्र तबकडी 1000 अंशांची घ्यावी की 1200 अंशांची, यावर अहोरात्र खल करताना कार्ब्युरेटरचा जेट बदलण्याची किरकोळ बाब त्यांनी बेमुदत तहकूब ठेवली आहे. आणि काटा 600 अंशांवर जाण्याइतका वेग रिसोडच्या वाटेवर कोणत्या खड्ड्यापासून कोणत्या खड्ड्यापर्यंत मिळेल, याची मोजणी तर सरकारी मोजणीदाराकडूनच, रीतसर फी भरून, करून घ्यावी लागेल.