गादी राहिली हो, पण दीड फूट वर!

अहो, ऐकलंत का? अण्णांचं लक्ष्मी रोडवरचं साड्यांचं दुकान उघडलं की परत! तुम्ही पूजेला दिसला नाहीत ते? मी गेले होते. पेढे बरे होते, पण ते राहू दे. आतली बातमी मला मामींकडून, म्हणजे अण्णांच्या बायकोकडून कळली, आणि थोडी वरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींकडून. त्यांच्या तर पायाखालीच चाललं होतं ना सगळं.

अण्णांच्या धाकट्या मुलाला दुकान नवं करायचं होतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. सुनेला मॉलसारखं हवं. अण्णांचं म्हणणं, रंग मारा, चार ट्यूब बदला, झालं. मामींना कुणी विचारलंच नव्हतं, नेहमीप्रमाणे. मग आली ती आर्किटेक्ट. मुलगीच हो, पायात कॅनव्हासचे बूट, हातात ते भिंतीवर लाल ठिपका पाडणारं मोजायचं यंत्र. अण्णांचा पहिला प्रश्न काय असणार? "फी?" ती शांतपणे म्हणाली, कामाच्या खर्चावर टक्के, टप्प्याटप्प्यानं द्यायचे, वर १८ टक्के जीएसटी. मामी म्हणाल्या, "थोरलीच्या लग्नात पाटल्या वजनाला कमी भरल्या तेव्हा झाला होता ना यांचा चेहरा, तस्सा!" "कागदावर रेघा मारायचे एवढे पैसे?" असं तिच्या तोंडावर म्हणाले की हो अण्णा. ती हसली नुसती.

मग अण्णांच्या मेव्हण्यांनी दुसराच एक गृहस्थ आणला. डिझाइन म्हणे फुकट, फक्त सामान आम्ही सांगू तिथून घ्या. कार्डावर ठळक 'आर्किटेक्ट'. सून गप्प बसणाऱ्यातली नाही, तिनं विचारलं, "कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर देता का?" गृहस्थांनी चहाही पुरता संपवला नाही! १९७२ पासूनचा कायदा आहे ना तो, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदलेलं नसेल तर आर्किटेक्ट म्हणून मिरवता येत नाही. इंटिरिअर डिझायनर म्हणवा खुशाल, कोण अडवतंय. आणि नोंदणीवाल्यांना दुकानदारांकडून कमिशन घ्यायला मनाई असते. त्या फुकटाचे पैसे कुठून निघणार होते ते मेव्हण्यांनाच माहीत... जाऊ दे, आपण कशाला बोला.

तर काय सांगत होते, ती मुलगी. कामाला लागली म्हणजे काय केलं असेल? नुसती बसून राहिली! दुकानात, कोपऱ्यातल्या स्टुलावर, वही घेऊन. अण्णा धुमसतायत, "हिला मी बसायचे पैसे देतोय." पण तिनं काय काय टिपलं ते ऐका. बायका गादीपर्यंत येतात आणि गुडघ्यावर हात ठेवून उभ्याच राहतात. खाली बसतात त्या मुलींना हाक मारून उठतात. नवऱ्यांना बसायला जागाच नाही, म्हणून ते दारात उभे राहून "आटप, आटप" करतात. आणि साडी पसंत करायची वेळ आली की प्रत्येक बाई पदर धरून फुटपाथपर्यंत जाते, उजेडात रंग बघायला. "एवढी वर्षं मी हे रोज बघतोय," अण्णा म्हणाले. "हो, बघताय," मामी म्हणाल्या. बास, एवढंच म्हणाल्या.

गादीवरून मात्र घरात जेवणं अबोल्यात झाली. सुनेला काचेचे काउंटर हवे. अण्णा म्हणाले, माझ्या वडिलांची गादी काढलीत तर मी दुकानात पाय ठेवणार नाही. आता त्या आर्किटेक्ट बाईनं काय करावं? तिनं खोकी रचली, वर फळी टाकली, फळीवर गादी, आणि अण्णांना म्हणाली, बसा. मामींना म्हणाली, तुम्ही गिऱ्हाईक, कडेला टेका. दीड फूट उंची, म्हणजे खुर्चीएवढीच. मामी टेकल्या, आणि हाताचा आधार न घेता उठल्या! अण्णा मांडी घालून वर, लोड-तक्क्याला टेकून, साडी उलगडली ती थेट मामींच्या मांडीवर. कोणी काही बोललंच नाही म्हणे. गादीखाली आता मोठे ड्रॉवर आहेत, ब्लाउजपीस आणि फॉल सगळे त्यात.

मागची भिंत... ते तर मला वहिनींनी जिन्यातच थांबवून सांगितलं. कंत्राटदार म्हणाला, ही पाडा, दुकान मोठं होईल, एका रविवारात उडवतो. बाईनं हात धरला त्याचा. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला, त्यानं प्लास्टर खरवडून बघितलं तर वहिनींच्या स्वयंपाकघराचा सगळा भार त्या भिंतीवर! मी वर कुकर लावतेय आणि खाली हे घण घेऊन उभे, वहिनी अजून छातीवर हात ठेवून सांगतात. मग काय, भिंत राहिली. तिच्यात फक्त एक दार काढलं, वर लोखंडी गर्डर टाकून.

वास्तुवाले येऊन गेले. गल्ला उत्तरेला तोंड करून हवा म्हणाले. सगळ्यांना वाटलं आता भांडण. ती म्हणाली, "करू की, माझं काही अडत नाही." झालं.

आणि धाकट्याची पाटी! त्याला पितळेची बारीक इंग्रजी अक्षरं हवी होती, अगदी स्टायलिश. बाई म्हणाली, आधी मराठी, आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान चालणार नाही. हा नियम २०२२ पासून छोट्या दुकानांनाही लागू आहे, त्याच्या पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानंही दोन महिन्यांची मुदत घालून दिली होती. धाकट्याचं तोंड एवढंसं. मला विचाराल तर पितळेचं देवनागरी फार शोभतं. जाऊन बघा एकदा.

हां, एक गंमत राहिलीच. कुणी पाको अंडरहिल म्हणून अमेरिकन आहे, माणसं दुकानात कशी वागतात त्यावर त्यानं पुस्तक लिहिलंय. बाई समजावत होती, दारातून आल्यावर पहिली चार पावलं गिऱ्हाईक काही बघतच नाही, तिथं भारी माल मांडू नका. ते पटलं सगळ्यांना, पैठण्या आत गेल्या. मग म्हणाली, तो असंही म्हणतो की मागून कुणाचा धक्का लागला की बायका वस्तू ठेवून निघून जातात. मामी एवढ्या हसल्या! "त्याला म्हणावं श्रावणात तुळशीबागेत ये." पण बाईनं तेवढ्यावरून दुकानातली मधली वाट मात्र रुंद केली. आणि बाहेरची सहा इंचांची पायरी काढून आत उतार दिला, सहा फुटांचा. एकास बारा असं प्रमाण असतं म्हणे चाकाच्या खुर्चीसाठी. फुटपाथवर बांधता येत नाही ना, म्हणून जागा दुकानातलीच गेली. अण्णा कळवळले. आता त्यांची थोरली बहीण त्याच उतारावरून आत येते, तेव्हा स्वतःच खुर्ची ढकलतात.

आता खरी गोष्ट. दिव्यांची.

बाईनं लाइटची यादी दिली होती. सीआरआय नव्वदच्या वर, म्हणजे रंग जसा आहे तसा दिसायला हवा. अण्णांनी किंमत बघितली आणि कुणालाही न सांगता बुधवार पेठेत जाऊन निम्म्या भावात दिवे आणले. दिसायला तेच, उजेडही झगझगीत. लावले. दुसऱ्याच दिवशी एक लग्नाची पार्टी आली, नवरीची आई, मावशी, आत्या. शालू काढला, लालभडक. आणि गादीवर पसरला तर... विटकरी दिसायला लागला! मावशी म्हणाली, "हा जुना माल आहे का हो?" अण्णांच्या दुकानात, जुना माल! नवरीची आई काही न बोलता शालू घेऊन दारापर्यंत गेली, उन्हात धरला, परत आली, आणि म्हणाली, "बाहेर चांगला दिसतो. पण लग्न हॉलमध्ये आहे हो आमचं." गेल्या की उठून! स्वस्तातल्या एलईडीत लाल रंगच नीट उमटत नाही म्हणे, आणि साड्यांच्या दुकानात लाल गेला तर उरलं काय?

बाई आली संध्याकाळी. अण्णांना वाटलं आता ऐकवणार. तिनं आपला एक दिवा आणला होता, तो अर्ध्या शालूवर धरला, अर्ध्यावर अण्णांचा. एकाच शालूचे दोन रंग! अण्णा बघत राहिले. मामी मागून म्हणाल्या, "रेघांचे पैसे वसूल झाले का?" सगळे दिवे बदलले. जुने आता गोडाउनमध्ये लावलेत, फुकट कसे घालवणार? आता कोणी बाई दारात जात नाही रंग बघायला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मुद्दाम तास-दीड तास बसले होते. चहा दोनदा आला.

पण सुतार काही कमी नाही हं. बाईच्या ड्रॉइंगवर कपाटं आत १८ इंच खोल होती, साडीचं खोकं मापून काढलेली. सुतारानं केली साडेपंधरा! का, तर प्लायवूडची चार फुटी शीट, अठराच्या दोनच पट्ट्या निघतात आणि फूटभर वाया जातो, साडेपंधराच्या तीन. खोकी ठेवली तर पुढं आली, सरकती दारं लागेचनात. बाईनं ड्रॉइंग समोर धरलं, "कुणी सांगितलं?" सुतार मान खाली घालून अण्णांकडे बघायला लागला. आणि अण्णा पंख्याकडे! पंखा तर कधीच काढलाय तिथला. वाया जाणारं प्लाय बघवलं नसणार, तोंडी सांगून बसले, कागद नाही, काही नाही. सुनेनं चहाचा कप एवढ्या जोरात ठेवला...

शेवटी मधला मार्ग निघाला. खोक्यांसाठी लागणाऱ्या भिंतीची कपाटं नव्यानं झाली, प्लायचे पैसे अण्णांचे, मजुरी सुताराची. बाकीच्या अरुंद कपाटांत आता दुपट्टे. पण एक दार अजून घासतंय, आणि बिलातले पाच टक्के करारात लिहिल्याप्रमाणे वर्ष पुरं होईपर्यंत सुताराला मिळायचे नाहीत. तो रोज सकाळी दुकानासमोर येऊन उभा राहतो आणि अण्णा आतून त्याला तेच दार उघडून, लावून दाखवतात.