नेपच्यून परतवाड्याच्या स्टँडवर

सूर्यमाला साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी जन्मली, असं शास्त्रज्ञ म्हणतात. आमच्या वऱ्हाडात ती दरवर्षी विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री अकराच्या सुमारास जन्मते. बाप थर्माकोल कापतो, आई गुरूला पट्टे मारते, शनीच्या कड्यासाठी मामाच्या लग्नाची सीडी बळी जाते आणि ज्याच्या नावानं हे सारं चाललंय तो भावी शास्त्रज्ञ गाढ झोपलेला असतो. सरकारनं २०१८ साली थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आणली. ग्रहांना कोणी हात लावला नाही. प्लूटोचं तेवढं २००६ मध्ये प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांनी मतदान घेऊन पद काढलं. पालकांची एक गोळी वाचली.

या सूर्यमालेत आठही ग्रह रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे असतात. सूर्य पेरूएवढा, पृथ्वी बोराएवढी, मधलं अंतर वीतभर. खऱ्या सूर्याच्या रुंदीत १०९ पृथ्व्या ओळीनं बसतात; पण सूर्यात बल्ब लागतो म्हटल्यावर परीक्षक बाकी काही विचारत नाहीत. पहिलं बक्षीस.

खरं माप बघायचं असेल तर चिखलदऱ्याला यावं. पृथ्वी ते सूर्य हे पंधरा कोटी किलोमीटरचं अंतर एक किलोमीटर धरा आणि सूर्य वर पठारावर ठेवा. तो नऊ मीटर रुंद होईल, म्हणजे तीन मजली घराएवढा. चारशे मीटरवर बुध, आवळ्याएवढा. सातशे मीटरवर शुक्र आणि एक किलोमीटरवर पृथ्वी, दोन्ही आपल्या अचलपूरच्या संत्र्याएवढी. पृथ्वीपासून अडीच मीटरवर बोराएवढा चंद्र. दीड किलोमीटरवर मंगळ, म्हणजे लिंबू. मग घाट उतरायला लागा. पाच किलोमीटरवर जेमतेम मीटरभर रुंदीचा गुरू, साडेनऊवर शनी, एकोणीसवर युरेनस, आणि सूर्यापासून तीस किलोमीटरवर, म्हणजे परतवाड्याच्या स्टँडच्या आसपास, टरबुजाएवढा नेपच्यून. संपली सूर्यमाला. पुढं अमरावतीची गाडी लागलेली असते.

या मापानं सूर्याचा प्रकाश माणसाच्या भरभर चालीनं निघतो. पृथ्वीपर्यंतच्या एका किलोमीटरला त्याला आठ मिनिटं लागतात आणि परतवाडा गाठायला चार तासांच्या वर. आपली एसटी वळणं घेत, प्रवासी उतरवत, मधे ड्रायव्हरचा चहा धरूनही त्याच्या आधी पोहोचते. प्रकाशापेक्षा वेगानं काहीच जाऊ शकत नाही, हा आइन्स्टाइनचा नियम चिखलदऱ्याच्या घाटाला लागू नाही.

आता हा प्रयोग खरंच करायचा तर प्रस्ताव करावा लागेल. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी, त्यामुळे गुरूमुळे वाघाच्या भ्रमणमार्गाला बाधा येत नाही, असा दाखला आधी हवा. संत्र्यांची निविदा निघेपर्यंत शुक्र सडेल. मंगळाचं लोकार्पण पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत थांबेल. आणि इतकं करून ठेवलेली पृथ्वी वांदरानं सोलून खाल्ली, तर पंचनामा तलाठ्यानं करायचा की वनरक्षकानं, यावर दोन्ही कार्यालयांत पत्रव्यवहार चालेल. तोवर सूर्यमाला पृथ्वीविना, पण फाईल पूर्ण.

म्हणून गुरुजी हे सगळं फळ्यावरच उरकतात. पण पोट्टे ऐकतात थोडेच! मागच्या बाकावरून आवाज येतोच:

“गुर्जी, सूर्य चिखलदऱ्यात अन् नेपच्यून परतवाड्यात, तं मधात काय हाय?”

“सात ग्रह. बाकी काहीच नाही.”

“मंग येवढं मोठं काहीच नाही पुस्तकात काहून नाही?”

“त्याला मार्क नाहीत, बाप्पा.”

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. आपल्याकडंही प्रश्न विचारला की सही लागते. फक्त पालकांची.

सूर्यानं स्वतः शिकवायला यायचं ठरवलं तरी त्याचं वेळापत्रक आपल्याशी जुळत नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं चिखलदऱ्यावर तो वर्षातून दोनदा भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पार नाहीशी होते. पहिल्यांदा येतो मेच्या शेवटच्या आठवड्यात, तेव्हा शाळेला कुलूप असतं. दुसऱ्यांदा येतो जुलैच्या मध्यावर, तेव्हा शाळा उघडी असते. पण धुक्यात काठीच दिसत नाही, सावली कुठली दिसणार! बाकीच्या ताऱ्यांची गैरहजेरी तर कायमचीच. शाळा पाचला सुटते आणि ते सातनंतर उगवतात.

तरी एका गुरुजींनी डिसेंबरात धाडस केलं. गावातली वीज नेहमीप्रमाणे गेली होती. त्यांनी पोरांना शाळेमागच्या पडीक शेतात नेलं आणि मोबाईल खिशात ठेवून गुरू दाखवला, मृगाचा बाण दाखवला, आकाशगंगा दाखवली. रोज त्याच आभाळाखाली जागलीला जाणाऱ्या पोरांनी उलट गुरुजींनाच चार तारे दाखवले. तास चांगला दोन तास चालला.

मग गुरुजींना ॲपवर टाकायचा उपक्रमाचा फोटो आठवला. आभाळाचा काढला तो काळाकुट्ट आला. ॲपनं परत पाठवला: ‘फोटो अस्पष्ट. विद्यार्थ्यांचे चेहरे दिसत नाहीत. पुन्हा काढा.’ गुरुजींनी मोटरसायकल आणली, हेडलाईट पोरांच्या तोंडावर मारला आणि सगळ्यांना वर बोट दाखवायला लावलं. डोळे दिपलेल्या पोरांना वर एकही तारा दिसेना, पण चेहरे स्पष्ट आले. ॲपवर लगेच हिरवी खूण उमटली: ‘आकाशदर्शन यशस्वी.’